फोटो शार्प येत नाहीत? लेन्स बदलण्याआधी हे तपासा

नवा कॅमेरा घेतलेल्या मंडळींकडून थोड्याच दिवसांत एक तक्रार हमखास येते: ‘फोटो शार्प येत नाहीत हो, कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स बेकार आहे का? दुसरी घेऊ?’ सोबत एखादा फोटो असतो आणि बहुतेक वेळा उत्तर त्या फोटोतच दिसत असतं. असे फोटो तपासून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. खरोखर बिघडलेली लेन्स त्यात फार क्वचित निघते. म्हणून आधी लक्षण ओळखा, मग खिशाला हात घाला.

लक्षणं

फोटो कॉम्प्युटरवर उघडून १०० टक्के मोठा करा आणि यातलं काय दिसतंय ते बघा.

- सगळंच हललेलं आहे. दिव्यांच्या ठिपक्यांच्या रेघा झाल्यात आणि सगळ्या रेघा एकाच दिशेला आहेत.
- भिंत, खुर्ची, पडदा स्वच्छ आहे, पण पळणारं पोर किंवा ढोल वाजवणारे हात पुसट आहेत.
- चेहरा मऊ आहे, पण पुढचा झेंडूचा हार किंवा मागचं तोरण अगदी कडक आलंय.
- कुठेच धड कडा नाही, रंग फिके आहेत, दिव्यांभोवती धुरकट वलय आहे.
- कडा आहेत, पण सगळीकडे वाळूसारखे कण आहेत, किंवा केस आणि कापडाचा पोत सारवल्यासारखा सपाट झालाय.
- फोटो कोणताही असो, एकच बाजू किंवा एकच कोपरा कायम मऊ येतो.
- फोटो ठीक येतात, पण व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, बघताना धूसर दिसतं.

हे सात आजार वेगवेगळे आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. कॅमेरा हललेला असताना फोकसची सेटिंग्ज बदलत बसलात तर संध्याकाळ वाया जाईल. फोटोत कुठेतरी, निदान एका जागी, कडक कडा आहे का, हा पहिला प्रश्न. असेल, तर सहावं लक्षण सोडून बाकी सगळीकडे लेन्स शार्प चित्र देऊ शकते हे तिथेच सिद्ध झालं.

फुकटात होणारी तपासणी

आधी मूळ फाइल बघा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आकाराने लहान आणि दाबलेला असतो. त्यावरून लेन्सची परीक्षा करू नका. कॅमेऱ्याच्या मेनूत फोटोचा आकार ‘लहान’ आणि दर्जा ‘बेसिक’ झालेला नाही ना, तेही पाहून घ्या. कार्ड भरत आलं की घरातलं कुणीतरी हे बदलतं आणि विसरून जातं.

मग काच. लेन्स दिव्याखाली तिरकी धरा. बोटाचा ठसा, वाफ, तेलाचा ओघळ लगेच दिसतो. चौथ्या लक्षणाचं, म्हणजे फिके रंग आणि वलयं यांचं, मूळ बहुतेक इथेच असतं. काचेवरचं तेल प्रकाश इकडेतिकडे पसरवतं, त्यामुळे काळा रंग राखाडी होतो. पुसताना आधी ब्लोअरने, म्हणजे हवा मारायच्या रबरी फुग्याने, धूळ उडवा, मगच स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने मधून बाहेर असं गोल पुसा. शर्टाचं टोक, ओढणी, रुमाल नको. धूळ असताना पुसलंत तर तोच कण काचेवरच्या लेपाला चरे पाडतो. लेन्सची मागची काचही बघा. तिच्यावरचा डाग पुढच्या काचेवरच्या डागापेक्षा जास्त नडतो.

दुकानदाराने ‘लेन्स सुरक्षित राहील’ म्हणून पुढे लावून दिलेला स्वस्त यूव्ही फिल्टर काढून एक फोटो घ्या आणि लावून एक घ्या. रात्रीच्या रोषणाईत दिव्यांची उलटी प्रतिमा आकाशात तरंगताना दिसत असेल, तर तो फिल्टरचाच प्रताप आहे.

मोबाइलवाल्यांनाही हेच लागू. खिशात आणि हातात फिरून मोबाइलची काच कायम तेलकट असते. दिव्यातून एकच लांब तिरकी रेघ निघताना दिसली की काच पुसायची, दुसरं काही शोधायचं नाही.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार. एसी गाडीतून किंवा हॉटेलच्या थंड खोलीतून कॅमेरा थेट कोकणातल्या दमट हवेत काढला की काचेवर दव धरतं. पुसलं तरी पुन्हा येतं, कारण काच थंडच असते. कॅमेरा बॅगेत, चेन लावून, अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या. त्या वेळात लेन्स काढू नका, नाहीतर तेच दव आत सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या भागावर, धरेल.

छोटी बटणं

लेन्सच्या बाजूला एएफ-एमएफ, म्हणजे ऑटोफोकस आणि हाताने फोकस, असं बटण असतं. बॅगेत घासून ते एमएफवर सरकतं आणि मालक ऑटोफोकस बिघडला म्हणून घाबरतो. काही नव्या लेन्सवर हे बटणच नसतं, तिथे मेनूत शोधा.

व्ह्यूफाइंडरच्या कडेला एक बारीक चक्र असतं, डायऑप्टरचं. सातवं लक्षण असेल तर तेच फिरवायचं. फिरवताना समोरच्या दृश्याकडे बघू नका. आतले आकडे आणि फोकसचे चौकोन स्वच्छ दिसेपर्यंत फिरवा. याचा फोटोशी काही संबंध नाही, हे फक्त तुमच्या डोळ्यासाठी आहे.

शटर स्पीड: निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपतात

फोटोची माहिती उघडा आणि शटर स्पीड, म्हणजे शटर किती सेकंद उघडं होतं ते, वाचा. पहिलं लक्षण असलेल्या फोटोत तिथे १/१५, १/२० असे आकडे सापडतील.

हातात धरून काढताना जुना ठोकताळा असा: लेन्स जितक्या मिलिमीटरवर आहे, त्या आकड्याने एकाला भागा, शटर निदान तितकं जलद हवं. आपल्या नेहमीच्या क्रॉप सेन्सर, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यात त्या आकड्याला आधी निकॉन, सोनी, फुजीसाठी १.५ ने आणि कॅननसाठी १.६ ने गुणायचं. म्हणजे किट लेन्स ५५ मिमीवर असेल तर साधारण १/१००. २५० मिमीवर झूम केलं असेल तर १/४००. झूम जितका जास्त, तितकी हाताची थरथरही मोठी होऊन दिसते, म्हणून हा हिशेब.

मग ऑटो मोडवर कॅमेरा १/१५ का निवडतो? कारण घरातला प्रकाश आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार कमी असतो. डोळा सवयीने जुळवून घेतो, सेन्सरला ते जमत नाही. त्यात १८-५५ किट लेन्सचं सगळ्यात मोठं ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं छिद्र, १८ मिमीवर एफ/३.५ असतं, पण ५५ मिमीवर फक्त एफ/५.६ (एफचा आकडा मोठा, तितकं छिद्र लहान). झूम करता करता प्रकाश निम्म्याहून कमी होतो आणि शटर मात्र जास्त जलद हवं असतं. ट्यूबलाइटच्या दिवाणखान्यात, ५५ मिमीवर, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, १०० ठेवला तर शटर साधारण अर्ध्या सेकंदावर येतं. अर्धा सेकंद कुणाचाच हात स्थिर राहत नाही. त्याच खोलीत आयएसओ १६०० ला १/३० मिळतं, ३२०० ला १/६०, ६४०० ला १/१२५.

इथे एक समजूत आडवी येते: ‘आयएसओ वाढवला की फोटो खराब होतो.’ कुणीतरी पहिल्याच दिवशी हे सांगितलेलं असतं आणि मग माणूस १०० सोडायला तयार नसतो. कण येतात हे खरं आहे. पण कण नंतर सॉफ्टवेअरमध्ये बऱ्यापैकी कमी करता येतात, हललेला फोटो मात्र परत जाग्यावर आणता येत नाही. दोन्हींपैकी एक निवडायचं तर मी डोळे झाकून कण निवडतो. ऑटो आयएसओ चालू करा, कमाल मर्यादा ३२०० किंवा ६४०० ठेवा आणि किमान शटर स्पीडची सोय असेल तर १/१२५ द्या. पाचवं लक्षण दिसलं, म्हणजे कण किंवा सारवलेला पोत, तर उलट्या दिशेने जा: खिडकीजवळ या, जास्तीचा दिवा लावा. सारवलेपणा हा बहुधा कॅमेऱ्याने कण पुसायच्या नादात केलेला उद्योग असतो. मेनूतलं नॉइज रिडक्शन कमी करून बघा.

विषयच हलत असेल तर वरचा ठोकताळा पुरत नाही. बसून गप्पा मारणाऱ्या माणसाला १/१२५ चालतं. लेझीम, ढोलपथक, अंगणात पळणारी मुलं यांना १/५०० तरी द्या. उडत्या पक्ष्यासाठी १/१००० पासून पुढे. शटर प्रायॉरिटी मोड, निकॉनवर ‘एस’ आणि कॅननवर ‘टीव्ही’, याचसाठी आहे. लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन, निकॉनचं व्हीआर, कॅननचं आयएस, सोनीचं ओएसएस, फक्त तुमच्या हाताची थरथर सावरतं. समोरच्या माणसाचा हात ते थांबवू शकत नाही. ‘व्हीआर चालू होतं तरी टिपरी पुसट आली’ ही तक्रार म्हणूनच निकाली निघते.

पकडही बघा. डावा तळहात लेन्सच्या खाली, कोपरं अंगाला टेकलेली, बटण दाबायचं ते हळू. झटका देऊन दाबलं की नेमक्या त्याच क्षणी कॅमेरा खाली जातो. सलग तीन फोटो घेतले तर मधला बरेचदा जास्त स्वच्छ असतो, कारण बोटाचा धक्का पहिल्याला आणि शेवटच्याला बसतो.

आता ती कसोटी, जिच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर, नसेल तर टेबलावर पुस्तकांच्या चळतीवर ठेवा. स्टॅबिलायझेशन बंद. एफ/८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा सेल्फ टायमर. समोर स्थिर, बारीक अक्षरांची वस्तू, म्हणजे कॅलेंडर किंवा औषधाचं खोकं. स्क्रीनवर बघून, लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करा. हा फोटो शार्प आला तर लेन्स आणि सेन्सर बहुधा ठीक आहेत. दोष तंत्रात शोधायचा. नाही आला, तर पुढच्या फोकसच्या भागावर नजर टाकून थेट अवघड तपासणीकडे जा.

फोकस भलतीकडे जातो

ऑटो एरिया फोकसमध्ये कॅमेरा स्वतः जागा निवडतो, आणि जवळची, ठळक कडा असलेली वस्तू त्याला आवडते. आरती ओवाळणाऱ्या आजीच्या फोटोत निरांजन कडक येतं आणि आजी मऊ. लग्नात नवरीपेक्षा मुंडावळ्या शार्प. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात वाघाऐवजी जाळी. उपाय एकच: सिंगल पॉइंट निवडा आणि तो चौकोन स्वतः डोळ्यावर ठेवा, शक्यतो जवळच्या डोळ्यावर. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा फोकस असेल तर तो चालू करा, ही त्या कॅमेऱ्यांची खरोखर उपयोगी देणगी आहे.

बटण आधी अर्धं दाबायचं, फोकस बसल्याची खूण पटली की पूर्ण. पुष्कळ जण एका दमात पूर्ण दाबतात. हलणाऱ्या विषयाला सिंगल फोकस उपयोगाचा नाही: तुम्ही अर्धं दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत पोर हातभर पुढे गेलेलं असतं. तिथे सतत फोकस बसवत राहणारा मोड, निकॉन-सोनीवर एएफ-सी, कॅननवर एआय सर्व्हो, लावा.

कोरी पांढरी भिंत, धुकं, अंधार यांत ऑटोफोकस मागेपुढे भटकत राहतो. त्याला पकडायला रंगांचा किंवा उजेडाचा फरक लागतो. त्याच अंतरावरची एखादी कडा, म्हणजे दाराची चौकट, शर्टाची कॉलर, शोधून तिथे फोकस बसवा.

कासच्या पठारावरून आलेल्या फुलांच्या फोटोंची वेगळीच गंमत असते. फूल मऊ आणि मागचं गवत शार्प. प्रत्येक लेन्सला एक किमान अंतर असतं, त्याहून जवळ गेलात तर फोकस बसणारच नाही. नव्या १८-५५ लेन्सना ते साधारण पाव मीटर असतं, मोठ्या टेलिझूमला मीटरभर किंवा जास्त. हे अंतर लेन्सच्या टोकापासून मोजत नाहीत, सेन्सरपासून मोजतात. बॉडीवर वर्तुळातून आडवी रेघ गेलेली खूण असते, तिथून. थोडे मागे सरका आणि झूम करा. पठारावरच्या वाऱ्यात फूल सतत डुलतं, म्हणून १/५०० शटर द्या आणि झुळूक थांबायची वाट बघा.

पन्नास मिमी घेतली आणि फोटो आणखी बिघडले

हे मी फार ऐकतो. ५० मिमी एफ/१.८ घेऊन माणूस सगळं एफ/१.८ वर काढत सुटतो. क्रॉप सेन्सरवर, दीड मीटरवरून, एफ/१.८ ला साधारण ६ सेंटिमीटर खोलीचाच भाग शार्प येतो. म्हणजे डोळा शार्प असेल तर कान मऊ. तुम्ही श्वास घेताना पुढेमागे झालात तरी डोळासुद्धा निसटतो. एफ/४ केलंत की ही खोली दुपटीपेक्षा जास्त होते. घरच्या दोन रांगांच्या ग्रुप फोटोला एफ/५.६ ते एफ/८ घ्या आणि फोकस पहिल्या रांगेवर ठेवा.

उलट टोकाला, ‘सगळं शार्प हवं’ म्हणून एफ/२२ लावणारेही असतात. फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाश वाकून पसरतो आणि सगळंच चित्र किंचित मऊ होतं. क्रॉप सेन्सरवर एफ/११ च्या पुढे कारणाशिवाय जाऊ नका.

हवा

भिगवणला दुपारी रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) फोटो काढायला गेलेल्यांनी हे वाचावं. उजनीच्या पाण्यावरून आणि तापलेल्या काठावरून वर जाणारी गरम हवा प्रकाश वाकवते. लांबच्या पक्ष्याच्या कडा लाटांसारख्या होतात. दोन लाखांची लेन्स लावली तरी तेच चित्र येईल, उलट जास्त मोठं करून दाखवेल. उजाडताच पाण्यावर असा आणि होडी जवळ गेल्यावरच शटर दाबा, तेही पक्ष्यांना उठवण्याइतकं जवळ न जाता.

अवघड तपासणी

इथपर्यंत सगळं नीट असेल आणि तरीही फोटो मऊ असतील, तरच हे करा.

डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, असेल तर ट्रायपॉडवर, सगळ्यात मोठ्या ॲपर्चरवर, एकाच वस्तूचे काही फोटो व्ह्यूफाइंडरमधून आणि तितकेच लाइव्ह व्ह्यूमधून घ्या. प्रत्येक वेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा बसवा. लाइव्ह व्ह्यूचे शार्प आणि व्ह्यूफाइंडरचे दर वेळी थोडे पुढे किंवा थोडे मागे, असं दिसलं तर फोकस जुळणीत फरक आहे. डीएसएलआरमध्ये फोकस ठरवणारा सेन्सर वेगळा, आरशाच्या पेटीच्या तळाशी असतो. तिथवरचं आणि चित्राच्या सेन्सरपर्यंतचं अंतर तंतोतंत सारखं असावं लागतं. मधल्या आणि वरच्या श्रेणीच्या बॉडीत हे मेनूतून दुरुस्त करता येतं, निकॉनवर एएफ फाइन ट्यून, कॅननवर एएफ मायक्रोॲडजस्टमेंट. सुरुवातीच्या श्रेणीत ही सोय नसते. सेवा केंद्रातच जावं लागतं. मिररलेसमध्ये फोकस चित्राच्या सेन्सरवरच ठरतो, त्यामुळे हा दोष सहसा उद्भवत नाही.

एकच बाजू मऊ येत असेल तर भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवा आणि समोरून फोटो घ्या. मग कॅमेरा उलटा, डोकं खाली करून पुन्हा घ्या. दोन्ही फाइल्स न फिरवता बघा. चौकटीचा तोच कोपरा मऊ असेल तर लेन्समधली काच कललेली आहे. मऊ भाग दुसऱ्या बाजूला गेला तर कॅमेरा भिंतीला समांतर नव्हता, एवढंच.

फोकस मधूनच बंद पडतो, स्क्रीनवर एरर येतो, असं असेल तर कॅमेरा बंद करा, लेन्स काढा आणि लेन्स व बॉडी जिथे जुळतात तिथले सोनेरी ठिपके कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसा. खोडरबर, पॉलिश पेपर, थिनर काहीही नको.

इथे थांबा

लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. ती दोन काचांच्या मध्ये वाढते, बाहेरून पुसून जात नाही, आणि राहू दिली तर काचेवरचा लेप कायमचा खाते. लेन्स ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि जाणकाराकडे द्या. बाकीच्या लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्के. निळी जेल गुलाबी झाली की तिची ताकद संपली. कपाटातल्या डांबरगोळ्या आणि कापूर कॅमेऱ्याजवळ नकोत.

पाणी आत गेलं असेल तर बॅटरी काढा आणि ‘चालू होतो का’ हे बघण्यासाठीसुद्धा बटण दाबू नका. हेअर ड्रायर नको. पडल्यानंतर लेन्स करकरते, झूम अडकतो, फिरवताना आत काही खडखडतं: थांबा. सेन्सरवर धूळ असेल तर, बॅटरी पूर्ण भरलेली असताना, मेनूतल्या क्लीनिंग मोडमध्ये हाताच्या ब्लोअरने फुंकर, एवढंच घरी. त्यानेही डाग गेला नाही तर पुढचं काम दुसऱ्याचं. डब्यातली दाबलेली हवा सेन्सरवर अजिबात मारू नका.

व्हिडिओ बघून लेन्स किंवा बॉडी उघडू नका. काचा मिलिमीटरच्या बारीक अंशांत बसवलेल्या असतात आणि त्या जुळवायला लागणारी यंत्रं घरी नसतात. फ्लॅश असलेल्या बॉडीत एक कपॅसिटर असतो, त्यात ३०० व्होल्टच्या आसपास दाब साठून राहतो आणि बॅटरी काढल्यावरही तो झटका देऊ शकतो. वॉरंटी असेल तर तीही तिथेच संपते.

सेवा केंद्रात जाताना बॉडी आणि लेन्स दोन्ही न्या, जुळणीचा दोष एकट्यात दिसत नाही. कसोटीचे फोटो मूळ फाइलसह पेनड्राइव्हवर द्या, ‘शार्प येत नाही’ एवढ्यावर तंत्रज्ञ काही शोधू शकत नाही. अंदाजपत्रक आधी लेखी घ्या. किट लेन्सची दुरुस्ती कधी कधी तीच लेन्स सेकंडहँड घेण्यापेक्षा महाग पडते, आणि तसं असेल तर सरळ दुसरी घ्या. मेमरी कार्ड, पट्टा आणि फिल्टर घरी ठेवा. पावतीवर बॉडीचा आणि लेन्सचा, दोन्हींचे सिरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.